हाशीने नीट जेवायला शिकताना

बकुळगंध

मंडळी, पुण्यात जपानी शिकणारं कुणी ना कुणी दर वर्षी मला विचारतं, "ताई, तिकडे नोकरीला निघालेय, काय काय शिकून येऊ?" सगळ्यांचा जीव कांजीत, म्हणजे जपानी लिपीतल्या चित्रचिन्हांत, अडकलेला असतो. हाशीने, म्हणजे जेवायच्या दोन काड्यांनी (चॉपस्टिक्सनी), जेवायचं कसं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. म्हणून हा धागा काढतेय.

मी नागोयाजवळ राहते. इथला पहिला हिवाळा होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलं. तो, त्याची बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी. मध्ये नाबेचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून खायच्या रश्श्याचं, भांडं रटरटत होतं, बाजूला ताकुआन म्हणजे मुरवलेल्या मुळ्याच्या पिवळ्याधमक चकत्या. मुलाच्या हाशीतून चकती सारखी निसटत होती. मी माझ्या हाशीने एक चकती उचलली आणि आपण आग्रहाने पुढे करतो तशी त्याच्यापुढे धरली. त्यानेही लगेच आपली हाशी पुढे केली. दोन्ही हाशींची टोकं चकतीवर टेकणार, तेवढ्यात आजींनी एक छोटी ताटली मध्ये सरकवली आणि हळूच म्हणाल्या, "इथे ठेव हं." कुणी रागावलं नाही. पण क्षणभर सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत आपलं काहीतरी फार चुकलंय एवढं मला कळलं.

स्टेशनवर सोडायला आलेल्या सहकाऱ्याने गाडीत कारण सांगितलं. जपानमध्ये दहनानंतर घरचे लोक लांब हाशींनी अस्थी वेचतात. दोघं मिळून एक अस्थी उचलतात किंवा एकाच्या हाशीतून दुसऱ्याच्या हाशीत देत कलशात ठेवतात. पायाकडून सुरुवात करून डोक्याकडे जातात, म्हणजे माणूस कलशात उभा राहतो. हाशीतून हाशीत काही द्यायचं ते फक्त त्या वेळी. आणि त्या मुलाचे आजोबा त्याच वर्षी वसंतात गेले होते.

मला एकदम माझ्या आजोबांच्या तिसऱ्या दिवसाची सकाळ आठवली. काका आणि बाबा राख सावडायला गेले होते, परत आल्यावर कुणी कुणाशी बोललं नव्हतं. "सावडणे" हा शब्द आपण एरवी सहज वापरतो का? नाही. तशीच ही कृती आहे. त्या रात्री मी ठरवलं की हे नीट शिकायचं, नुसतं पोट भरण्यापुरतं नाही.

दुसरी गोष्ट भातात हाशी उभी खोवायची नाही. मृताच्या उशाशी भाताची वाटी ठेवतात आणि तिच्यात हाशी उभी रोवतात. रोजच्या जेवणात तशी हाशी दिसली तर आपल्याकडे कुणी जेवणाच्या पानाशेजारी पिंड मांडून ठेवल्यासारखं वाटतं. बाकी चुका लोक पोटात घालतात. या दोन मात्र अजिबात करू नका.

आता धरायचं कसं ते. दोन काड्या एकसारख्या हलतात असं आपण समजतो आणि तिथेच फसतो. खालची काडी हलतच नाही. ती अंगठ्याच्या बेचक्यात बसते आणि अनामिकेच्या नखाजवळच्या कडेवर टेकते, बस. काम फक्त वरची करते. ती पेनासारखी धरायची, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. दोन्ही काड्या वरून साधारण एक तृतीयांशावर धरायच्या आणि टोकं एका रेषेत हवीत. एक काडी खालीवर असली की चिमटा बसत नाही. इथे मुलांना आधी एकच काडी देतात आणि हवेत "१" काढायला सांगतात, वर-खाली, वर-खाली. तेवढं जमलं की मग दुसरी काडी खाली सरकवतात. मी दोन संध्याकाळी नुसते एक काढत बसले होते. तिसऱ्या दिवशी खालची काडी आपोआप स्थिर झाली.

हाशीची लांबीही आपल्या हाताची हवी. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा, दोन्ही टोकांमधलं सरळ अंतर मोजा, त्याच्या दीडपट हाशी. माझं अंतर १४ सेंमी भरलं, म्हणून माझी हाशी २१ सेंमीची. तोवर मी नवऱ्याची २३ सेंमीची वापरत होते आणि बोटं दुखतात म्हणून स्वतःला दोष देत होते.

---

शहाळं

ताई, वाचनखूण साठवली. मी एप्रिलमध्ये ओसाकाला जातेय. माझा प्रश्न अगदी साधा आहे. वरची काडी दर वेळी खालचीवरून तिरकी जाते आणि फुली होते. आणि सराव कशावर करायचा? व्हिडिओत सगळे शेंगदाणे उचलताना दिसतात, माझ्याकडून दहातले आठ सुटतात. भात तर चमच्याशिवाय तोंडापर्यंत जातच नाही.

---

बकुळगंध

शहाळं, शेंगदाण्यांनी सुरुवात करू नकोस. गोल, कडक आणि गुळगुळीत, तीनही अवघड गुण एकाच दाण्यात आहेत. आधी भेंडीच्या परतलेल्या काचऱ्या, बटाट्याच्या फोडी, ढोकळ्याचे तुकडे घे. मग उकडलेली चवळी. शेंगदाणे शेवटी.

फुली होते कारण अंगठा वाकतोय. अंगठा सरळ ठेवून बघ.

भाताचं म्हणशील तर दोष तुझा नाही, तांदळाचा आहे. आपला कोलम किंवा बासमती सुटा होतो, दाणा दाण्याला धरत नाही. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट, त्याचा घास हाशीवर बसतो. घरी इंद्रायणी किंवा आंबेमोहर जरा आसट शिजव आणि त्यावर सराव कर. मला हे आधी सुचलं असतं तर पुण्यातच शिकून आले असते. एक मात्र कर, तो भात ताटात नको, वाटीत घे आणि वाटी डाव्या हातात उचल. आपल्याकडे जेवताना डावा हात रिकामा असतो, वाढून घ्यायला राखून ठेवलेला. इथे तो कामाचा आहे. भाताची वाटी, मिसो सूपची वाटी डाव्या हाताने छातीच्या उंचीवर आणायची. डावा हात मांडीवर ठेवून तोंड वाटीकडे नेणं हे इथे वाईट दिसतं, त्याला "कुत्र्यासारखं खाणं" असाच शब्द आहे.

---

देशावरचा

लेख मनापासून लिहिलाय, पण माझा एक प्रामाणिक आक्षेप आहे. आम्ही पंगतीत हाताने जेवलेली माणसं. बोटांनी भात कालवून खाण्यात जे सुख आहे ते दोन काड्यांत नाही. परदेशात गेलं की लगेच त्यांच्यासारखं व्हायचं, हे मला पटत नाही. जपानी माणूस आपल्याकडे आला तर आपण त्याला चमचा देतोच ना? मग ते आपल्याला काटा देतील. एवढा जीव कशाला काढायचा?

---

कातरवेळ

देशावरचा, मी ओसाकात अकरा वर्षं आहे, म्हणून उत्तर देते. काटा मागितला तर नक्की मिळतो आणि कुणाला वाईटही वाटत नाही. हाताने खायचंही तुम्ही पूर्ण सोडायला नको. सुशी हाताने खाल्ली तर चालते, ओनिगिरी म्हणजे भाताचे मुटके तर हातानेच खातात.

पण बकुळगंध यांनी जे सांगितलंय ते "त्यांच्यासारखं होणं" आहे असं मला वाटत नाही. माझ्या आजीचं एक वाक्य होतं, जेवताना अन्न पेरांच्या वर जाता कामा नये. तळहाताला वरण लागलं की ती न बोलता पाण्याचा तांब्या पुढे करायची. इथे आल्यावर शेजारच्या वयस्क बाईंनी मला सांगितलं की हाशीचं टोक भिजावं ते पाच बु, फार तर एक सुन. म्हणजे दीड सेंटीमीटर, फार तर तीन. तुमचं एक पेर मोजून बघा, तेवढंच भरेल. मला त्या क्षणी आजीच समोर बसल्यासारखी वाटली.

आणि पुढे ऐका. सगळ्यांच्या मधल्या भांड्यातून घ्यायला वेगळी हाशी असते, तोरिबाशी. स्वतःच्या हाशीने मधल्या भांड्यातलं घ्यायचं नाही. आपल्या घरी कुणी उष्ट्या हाताने पातेल्यात डाव घातला असता तर काय झालं असतं? उष्टं-खरकटं जगात फक्त आपणच पाळतो असं मला लहानपणी वाटायचं. नुसती काडी धरता आली की झालं असं समजणाऱ्या लोकांपेक्षा उष्ट्याचा संस्कार असलेला मराठी माणूस इथल्या जेवणात कितीतरी लवकर रुळतो, हे मी बघितलंय.

एक चूक मात्र आपण चांगल्या भावनेने करतो. तोरिबाशी नसली की आपली हाशी उलटी फिरवून मागच्या टोकाने वाढतो. उष्टं नको म्हणून. पण ते टोक तुमच्या तळहाताला लागलेलं असतं, आणि नंतर दोन्ही टोकं बरबटलेली दिसतात. सरळ वेगळी हाशी मागा, लगेच देतात.

---

देशावरचा

पेरांचं आमच्या घरीही होतं. आई म्हणायची, हात बघून कळतं माणूस कुठल्या घरचा. माझा आक्षेप मागे घेतो. हाताचं सुख मात्र हाताचंच.

---

तिठा

सहा वर्षं शांघायमध्ये होतो, चीनचं सांगतो. तिथली काडी लांब, २५ सेंटीमीटरच्या आसपास, जाड आणि टोकाला बोथट. कारण टेबल गोल आणि मोठं, भांडी मध्यभागी, हात लांब पोचायला हवा. जपानी हाशी टोकाला निमुळती, तिने माशाचे काटे नेमके काढता येतात. जपानमध्ये हाशी आपल्यासमोर आडवी ठेवतात, टोकं डावीकडे. चीनमध्ये उभी, टोकं टेबलाच्या मधल्या बाजूला.

भातात उभी रोवू नये हे तिथेही आहे. भाताच्या वाडग्यात उभ्या दोन काड्या म्हणजे मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्या.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. चिनीत चॉपस्टिकला जुना शब्द होता "झू". त्याचाच उच्चार "थांबणे" या शब्दासारखा. नावाड्यांना तो अपशकुनी वाटायचा, नाव थांबली म्हणजे पोटावर पाय. म्हणून ते त्याच्या उलट "क्वाई" म्हणजे "जलद" म्हणू लागले, आणि त्यातून आजचा शब्द "क्वायझ" आला. मिंग काळातल्या लिखाणात ही हकीकत येते. जपानीत मात्र तोच जुना शब्द चिन्हाच्या रूपात टिकला, "हाशी" आजही त्याच चिन्हाने लिहितात. माझ्या चिनी शिक्षिकेने हे सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, आमच्याकडे दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. घरातून निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. तिने ते तीनही शब्द वहीत लिहून घेतले.

आग्रहाबद्दल: चीनमध्ये यजमान स्वतःच्या काडीने चांगला तुकडा उचलून पाहुण्याच्या ताटलीत ठेवतो, ती माया आहे. हल्ली २०२० नंतर सामायिक काडी वापरा असं सरकारनेही सांगितलं, त्यामुळे शहरांत मध्ये वेगळी जोडी दिसते. पण म्हाताऱ्या माणसांनी आपल्या काडीने वाढलं तर नाही म्हणू नये असं माझं मत. ताटलीत घ्या आणि मान झुकवा.

---

नाचणी

सोलमधून. इथे सगळंच वेगळं आहे, म्हणून जपानहून येणाऱ्यांनी सावध राहावं. काड्या धातूच्या आणि चपट्या, त्यामुळे निसटतात. पहिला महिना माझी बोटं आखडायची. पण भात आणि सूप चमच्याने खायचं, काड्या फक्त भाज्या, किमची वगैरेंना. आणि वाटी उचलायची नाही! जपानमध्ये वाटी उचलली नाही तर वाईट दिसतं, इथे उचलली तर. भाताची वाटी पुष्कळदा स्टीलचीच असते, गरम भाताने ती एवढी तापते की उचलावीशीही वाटत नाही. चमचा आणि काड्या एकाच हातात एकत्र धरत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय कुणी सुरुवात करत नाही. हे मला शिकावं लागलं नाही. आमच्या घरी आजोबांनी चित्राहुती घालून आपोष्णी घेतल्याशिवाय कुणाचा हात पानाला लागायचा नाही.

---

डावखुरी

मला कुणीतरी नीट उत्तर द्या. मी डावखुरी आहे. लहानपणी डाव्या हाताने जेवले म्हणून इतकं बोलणं ऐकलंय की उजव्या हाताने जेवायची सवय लावून घेतली, पण लिहिते डाव्याने. हाशी मला डाव्याच हाताने जमते. तोक्योत एका घरी जेवायला जायचंय. तिथे काय करू?

---

कातरवेळ

डावखुरी, डाव्याने खा. पूर्वी जपानी घरांतही मुलांना बळेच उजव्याकडे वळवायचे, तुझ्यासारखंच. आता कुणी काही म्हणत नाही. फक्त समोर मांडलेली हाशी टोकं डावीकडे करून ठेवलेली असेल, ती आधी उजव्या हाताने उचल आणि मग डाव्यात घे. मांडणी आपण स्वतः फिरवत नाही एवढंच. शेजारी बसताना शक्य असेल तर टेबलाच्या डाव्या टोकाला बस, म्हणजे कोपर शेजारच्याला लागत नाही.

---

उंबरठा

हॉटेलात मिळणाऱ्या वारिबाशीबद्दल, म्हणजे फोडून दोन करायच्या, एकदाच वापरायच्या लाकडी हाशीबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी नारामध्ये लाकडाशी संबंधित कामानिमित्त बराच राहिलो. तिथे योशिनो भागात सुरूसारख्या सुगी झाडाच्या लाकडाची वारिबाशी करतात. पिंपांसाठी आणि बांधकामासाठी लाकूड कापलं की कडेला उरणाऱ्या तुकड्यांपासून ही काडी निघते. हातात घेतली की लाकडाचा वास येतो. आज मात्र जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक वारिबाशी चीनमधून येते.

फोडायची कशी हे बघा. तोंडासमोर उभी धरून दोन बाजूंना ओढायची नाही, शेजारच्याला लागते. मांडीच्या वर आडवी धरायची, एक काडी खाली स्थिर, दुसरी वर उचलायची, पंखा उघडल्यासारखी. फोडल्यावर दोन काड्या एकमेकींवर घासायच्या नाहीत. आपण कुसळं काढायला घासतो, पण यजमानाला "तुमची काडी हलकी आहे" असं सांगितल्यासारखं होतं. एखादं कुसळ दिसलंच तर बोटाने काढा. कागदी पाकिटाची घडी घालून हाशी टेकवायला आधार करता येतो, आणि जेवण झालं की हाशी परत पाकिटात घालून टोक दुमडायचं, म्हणजे वापरलेली आहे हे वाढणाऱ्याला कळतं. वाटीवर आडवी टाकून ठेवायची नाही, त्याचा अर्थ "आता नको" असा होतो.

---

बकुळगंध

उंबरठा, पाकिटाचं टोक दुमडायचं मला माहीत नव्हतं. आभार. कातरवेळ, एक सुन आणि पेराचा मेळ वाचून डोळ्यांत पाणी आलं.

अजून थोडं, जे मला नंतर हळूहळू कळलं. हाशी उचलायच्याही तीन हालचाली आहेत. उजव्या हाताने वरून उचल, डावा हात खाली धर, मग उजवा हात मागच्या, जाड टोकाकडे सरकवून खालून आण. आरशासमोर पंधरावीस वेळा केलं की जमतं, आणि ती हालचाल इतकी शांत आहे की जेवायला बसल्याचं शरीराला कळतं. वाटी घ्यायची असेल तर आधी वाटी, मग हाशी. दोन्ही एकदम नाही.

घास नेताना खाली डाव्या हाताची ओंजळ धरतो ना आपण, सांडू नये म्हणून? ते टाळा. ओंजळीऐवजी छोटी ताटली धरा. हे मला सहकाऱ्याच्या बायकोने सांगितलं, दुसऱ्यांदा जेवायला गेले तेव्हा. हो, त्यांनी परत बोलावलं. त्या वेळी आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. ताकुआनची चकती त्या मुलाच्या ताटलीत ठेवली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

---

पहाटफुटी

मला धाग्याच्या विषयाला जोडून विचारायचंय. आम्ही योकोहामाला असतो. मुलगी पुढच्या महिन्यात १०० दिवसांची होते. शेजारच्या आजी म्हणतात ओकुइझोमे करू या, हाशीने पहिला घास. सासूबाई म्हणतात आपलं उष्टावण सहाव्या महिन्यात, त्याआधी घास कसा द्यायचा? दोघींनाही दुखवायचं नाहीये.

---

बकुळगंध

पहाटफुटी, सासूबाईंना सांगा की ओकुइझोमेत बाळ खात नाही. फक्त खाण्याची नक्कल असते. नव्या हाशीने घास बाळाच्या ओठाशी नेतात, परत आणतात. मूल मुलगी असेल तर घरातली सर्वांत वयस्क बाई तो मान घेते. सासूबाई त्या दिवशी तिथे असतील तर शेजारच्या आजींना विचारून हाशी त्यांच्याच हातात द्या. पानात लाल चवळीसारख्या अझुकीचा लाल भात, सार, 'ताई' नावाचा मासा असतो. तुम्ही मासा खात नसाल तर तसं आधी सांगा, त्या काहीतरी करतील. मग सहाव्या महिन्यात खीर भरवून आपलं उष्टावण करा, त्याला शेजारच्या आजींना बोलवा.

पानात एक छोटा गोटाही असतो, दात बळकट व्हावेत म्हणून. हाशीचं टोक गोट्याला लावून हलकेच हिरडीला लावतात. गोटा देवळाच्या आवारातून आणला असेल तर नंतर धुऊन परत तिथेच ठेवून या.

---

पहाटफुटी

सासूबाईंना वाचून दाखवलं. हाशी धरायचा सराव आजपासून सुरू झालाय, घरात इंद्रायणी आहे.